तंजावर : भिंतीवरचा शिधा, केळीचं पान

तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतींवर शिध्याची यादी कोरलेली आहे. तांदूळ, डाळ, तूप, दही, साखर, केळी, मीठ, मिरी, मोहरी, जिरं, चिंच. नैवेद्याला रोज काय लागेल आणि त्याचा खर्च कुठून निघेल, हे राजराज चोळाने हजार वर्षांपूर्वी दगडात खोदून ठेवलं. गावोगावच्या सभांकडे देवळाचा पैसा व्याजाने ठेवायचा आणि त्या व्याजातून शिधा चालवायचा, अशी व्यवस्था. देवाच्या स्नानाच्या पाण्याला सुवास यावा म्हणून वेलदोडे, चाफ्याच्या कळ्या आणि वाळा यांचीही तरतूद आहे. देवळात नृत्यसेवा करणाऱ्या चारशे स्त्रियांची नावं, त्या कुठल्या गावाहून आल्या, त्यांना कोणत्या आळीत कितवं घर दिलं आणि दर वाट्याला वर्षाकाठी शंभर कलम (धान्याचं जुनं माप) भात कसा ठरला, हेही तिथेच वाचायला मिळतं.

गाइड मंडळी ही यादी सहसा दाखवत नाहीत. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं ते सांगतात. सावली पडते, संध्याकाळी आवारात उभं राहिलं की लांबच लांब पडलेली दिसते. मग शिखरावरच्या घुमटाचा दगड किती टनांचा, तो कसा चढवला, याच्या गोष्टी होतात. या गोष्टींना माझी हरकत नाही. पण हे शहर कळायचं असेल तर सुरुवात शिध्याच्या यादीपासून करावी, असं मला वाटतं. कावेरीच्या या मुलखात चोळ आले, नायक आले, आपले भोसले आले. प्रत्येकाला आधी भाताचा हिशेब करावा लागला. कोणाला किती भात द्यायचा, कोणाच्या पानात काय वाढायचं, हा इथल्या राज्यकारभाराचा गाभा होता. म्हणून तंजावरात काय बघावं आणि काय खावं, हे दोन प्रश्न मला वेगळे काढता येत नाहीत.

आधी देऊळ. तमिळ माणूस त्याला ‘पेरिय कोविल’ म्हणतो. आपल्याला ते बृहदीश्वर म्हणून ठाऊक आहे. १०१० मध्ये ते पूर्ण झालं. गर्भगृहावरचं विमान दोनशे फुटांहून उंच आहे आणि सगळं बांधकाम ग्रॅनाइटचं. कावेरीच्या गाळाच्या जमिनीत दगड मिळत नाही, तो सगळा दूरवरून वाहून आणलेला. दक्षिणेतल्या बहुतेक मोठ्या देवळांत नजर आधी गोपुरावर जाते आणि आतलं मूळ देऊळ ठेंगणं असतं. इथे उलट आहे. दरवाजे बुटके, आणि ते ओलांडले की समोर विमान एकदम अंगावर येतं. दारं-कमानी ओलांडत आत गेलं की उजव्या-डाव्या बाजूंनी उघडं पटांगण लागतं. एवढी मोकळी जागा आणि एवढी उंची एकत्र मी दुसऱ्या कुठल्या देवळात पाहिलेली नाही.

जायचं ते पहाटे दार उघडताना किंवा दुपारनंतर चार वाजता. दुपारी दगड असा तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही, आणि देऊळही दुपारी काही तास बंद असतं. संध्याकाळी अख्खं शहर इथे येतं. बायका मुलांना घेऊन पटांगणात बसतात, म्हातारे भिंतीला टेकतात, कॉलेजची पोरं फोटो काढतात. शिखराचा दगड मावळतीला पिवळा, मग तांबूस होत जातो. हे देऊळ जागतिक वारसास्थळ आहे (युनेस्कोने १९८७ मध्ये ते यादीत घेतलं), पण तंजावरकरांसाठी ते संध्याकाळी बसायचं अंगण आहे. तुम्हीही तासभर नुसतं बसा.

गर्भगृहाभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात चोळकालीन भित्तिचित्रं आहेत. नायकांच्या काळात त्यांच्यावर नवी चित्रं रंगवली गेली होती. त्या थराखाली जुनी आहेत, हे १९३१ मध्ये अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांनी उजेडात आणलं. तिथे सर्वांना सोडत नाहीत. वरच्या मजल्यावर नृत्याच्या १०८ करणांपैकी ८१ कोरलेली आहेत. उरलेले दगड कोरे राहिले. का थांबलं काम, याचा उलगडा शिलालेखात नाही.

अंगणातला भलामोठा नंदी एकाच दगडाचा आहे. तो चोळांचा नसून नायकांच्या काळातला आहे. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, गुराढोरांच्या सणाला, या नंदीला वांगी, भोपळे, केळी, काकड्या, मिठाया अशा माळांनी मढवतात. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास जाणं जमलं तर हा दिवस साधावा. अश्विन-कार्तिकाच्या पौर्णिमेला तर लिंगालाच शिजवलेल्या भाताचा लेप देतात आणि तो भात मग प्रसाद म्हणून वाटतात. भिंतीवरच्या यादीचं नातं आजही असं चालू आहे.

आता मराठी माणूस जे शोधत येतो ते. आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीवर १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले कुळाचा इतिहास कोरवून घेतला. देवनागरी लिपी, मराठी भाषा, दगडामागून दगड भरत जाणारा मजकूर. देशातल्या सर्वांत लांब शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. तमिळ शिलालेखांनी भरलेल्या देवळात अचानक आपल्या अक्षरांवर नजर पडली की अंगावर काटा येतो, हे खरंच आहे. महाराष्ट्रातून आलेल्या सहलींचे फोटो इथेच निघतात. ते काढावेत. पण बहुतेक बस इथून थेट रामेश्वरला निघतात, याचं मला वाईट वाटतं. तंजावरातलं मराठी या भिंतीपाशी संपत नाही. इथून खरं तर ते सुरू होतं.

त्याआधी न्याहारी. तंजावरात सकाळी सहालाच टिफिनची हॉटेलं भरलेली असतात. इडली, पोंगल, वडा, पूरी, आणि सगळ्यांबरोबर कॉफी. पोंगल म्हणजे तांदूळ आणि मुगाची डाळ मऊ शिजवून त्यावर तुपात मिरी, जिरं, आलं, काजू यांची फोडणी. तिखटपणा सगळा मिरीचा. भिंतीवरच्या यादीत मिरची नाही, ती पोर्तुगीजांबरोबर पुढे पाच शतकांनी आली. टोमॅटो, बटाटाही नंतरचे. त्यामुळे पोंगलचा घास घेताना तुम्ही चोळांच्या नैवेद्याच्या सर्वांत जवळ असता. माझ्या मते तंजावरात सकाळी इडलीच्या आधी पोंगल मागवावा.

कॉफीबद्दल इकडचे लोक फार हळवे आहेत, आणि ते योग्यच आहे. पितळी फिल्टरमध्ये रात्रभर थेंब थेंब उतरलेला दाट अर्क, त्यात चिकोरीचा थोडा अंश, वर पाणी न घातलेलं ताजं तापवलेलं दूध. हे पितळेच्या टंबलरात आणि खोलगट डवऱ्यात येतं. साखर तळाशी असते, म्हणून वरून खाली ओतत एकजीव करून प्यायची. देवळाजवळच्या एका छोट्या कॉफीच्या दुकानात सकाळी उभं राहिलं की दिसतं, गिऱ्हाईक काही बोलतच नाही. कोणाला कडक, कोणाला कमी साखर, हे मालकाला तोंडपाठ असतं. इन्स्टंट कॉफी मागू नका. मिळेल, पण वाया जाईल.

देवळापासून राजवाडा चालत जाण्याइतका जवळ आहे. मूळ वाडा नायकांनी बांधला, मराठ्यांनी वाढवला. आज त्याचे काही भाग शाबूत आहेत, काही पडके, काहींत सरकारी कचेऱ्या. तिकिटांची वेगवेगळी दालनं आहेत आणि सगळं सारख्याच मोलाचं नाही. वेळ कमी असेल तर दोनच ठिकाणं बघा.

पहिलं, कलादालन. १९५१ मध्ये सुरू झालेल्या या दालनात आसपासच्या देवळांतून आणि जमिनीतून मिळालेल्या चोळ ब्राँझमूर्ती आहेत. तिरुवेंगाडूचा वृषभवाहन शिव यासाठी मी पुन्हा तंजावरला जाईन. मूर्ती १०११ सालची. शिव उभा आहे, उजवा हात नंदीच्या पाठीवर टेकण्यासाठी किंचित उचललेला, पण नंदी आता तिथे नाही. केसांची जटा फेट्यासारखी गुंडाळलेली, पाय हलकेच दुमडलेला. नंदी नसल्याने टेकलेला हात हवेतच आहे, आणि तरी सगळा तोल जागच्या जागी आहे. या एका मूर्तीसमोर बसायला जागा आहे. घाई करू नका. याच वाड्यात सरफोजी राजांचा संगमरवरी पुतळा आहे, इंग्लंडमधल्या जॉन फ्लॅक्समन या नामवंत शिल्पकाराने घडवलेला.

दुसरं, सरस्वती महाल ग्रंथालय. इथे मला थांबून सांगावंसं वाटतं.

व्यंकोजी राजे १६७६ च्या सुमारास तंजावरचे धनी झाले. शहाजीराजे आणि तुकाबाईंचे ते पुत्र, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू. तेव्हापासून १८५५ मध्ये इंग्रजांनी वारस नाही म्हणून राज्य खालसा करेपर्यंत पावणेदोनशेहून अधिक वर्षं इथे भोसल्यांची गादी होती. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी तमिळ, तेलुगू, मराठीत नाटकं लिहिली. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीता स्वयंवरा’च्या दीड शतक आधी तंजावरात मराठी नाटक रंगत होतं. सरफोजी (दुसरे) गादीवर आले १७९८ मध्ये. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्यांच्याकडून कारभार काढून घेतला. किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग एवढंच राज्य उरलं, बाकी तनखा. दुसरा कोणी असता तर त्या पैशाचा धूर करून मोकळा झाला असता. सरफोजींनी ग्रंथ जमवले.

ग्रंथालयाची मुळं नायकांच्या काळात आहेत. पण ताडपत्रांच्या, कागदांच्या हजारो पोथ्या, युरोपातून मागवलेली पुस्तकं, नकाशे, औषधांची आणि शरीररचनेची चित्रं हे सारं सरफोजींनी अशा पातळीवर नेलं की संस्कृत हस्तलिखितांच्या जगातल्या मोठ्या संग्रहांत त्याचं नाव आलं. ए. सी. बर्नेल यांनी त्यातल्या संस्कृत पोथ्यांची सूची १८८० मध्ये प्रसिद्ध केली. राजांना शिकवलं ते श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्यांनी. त्यांचं चर्च शिवगंगा बागेजवळ आहे आणि त्यात सरफोजींनी त्याच फ्लॅक्समनकडून करून घेतलेलं स्मारकशिल्प आहे. राजवाड्यात देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभा राहिला आणि इसापाच्या गोष्टी ‘बालबोधमुक्तावली’ नावाने मराठीत छापल्या गेल्या. धन्वंतरी महालात वैद्यकीचं काम चाले. डोळ्यांच्या शस्त्रक्रियांनंतर रुग्णांची टिपणं आणि डोळ्यांची रंगीत चित्रं जपून ठेवली जात. सरफोजींनी ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नाटक लिहिलं, त्यात भविष्य सांगणारी भटकी स्त्री इंद्राणीला जगाचा भूगोल सांगते. खंड, देश, समुद्र, सगळं गाण्यांतून. हा माणूस मुलांना भूगोल शिकवायला नाटक लिहीत होता.

सामान्य पाहुण्याला ग्रंथालयाच्या संग्रहालयाची खोलीच बघायला मिळते. माणसाचा चेहरा आणि जनावराचा चेहरा शेजारी शेजारी काढलेली फ्रेंच चित्रकार ल ब्रं याची चित्रं, काशीच्या घाटांची चित्रं, मुंगीएवढ्या अक्षरांतली ताडपत्रं. पुस्तकविक्रीच्या कपाटात ग्रंथालयाने स्वतः छापलेली पुस्तकं मिळतात. त्यात ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ मागा. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातले पदार्थ, शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही, त्यात लिहून ठेवले आहेत.

आणि इथे सांबाराची गोष्ट निघतेच. ती अशी : शहाजी राजांच्या मुदपाकखान्यात आमटी होणार होती, आमसूल संपलं होतं, कोणी तरी इथली चिंच घातली, पाहुणे म्हणून संभाजी महाराज आलेले होते, त्यांच्या नावाने पदार्थाचं नाव पडलं. महाराष्ट्रात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, तमिळनाडूतही हॉटेलच्या मेन्यूकार्डांवर छापलेली असते. तिला समकालीन कागदाचा आधार मिळत नाही. संभाजी महाराजांची सगळी कारकीर्द मुघल, सिद्दी, पोर्तुगीज यांच्याशी झुंजण्यात गेली. त्यांच्या तंजावरभेटीची नोंद नाही. आणि डाळीला चिंचेची जोड द्यायला इथल्या लोकांना बाहेरच्या राजाची गरज का पडावी? चिंच आणि डाळ दोन्ही त्या भिंतीवर भोसल्यांच्या साडेसहाशे वर्षं आधीपासून आहेत.

सांबार कोणाचं, या वादात मला रस नाही. त्यापेक्षा पक्की गोष्ट तंजावरच्या घराघरांत शिजते. रसवांगी घ्या : वांगी, तुरीची डाळ, चिंचेचा कोळ, आणि धणे, हरभऱ्याची डाळ, सुक्या मिरच्या, खोबरं भाजून वाटलेला मसाला. पिटलै घ्या : तोच भाजका मसाला, पण कारल्याबरोबर, दाट. आपलं बेसनाचं पिठलं आणि हे पिटलै यांत पदार्थ म्हणून फार साम्य उरलेलं नाही, तरी एकाच घराण्यातले वाटतात. उडदाच्या भाजलेल्या पिठाचं डांगर दह्यात कालवून वर मोहरीची फोडणी दिली की तंजावरची डांगर पच्चडी होते. हे पदार्थ आज तमिळ ब्राह्मण घरांत रोजचे आहेत. ते कुठून आले, हे तिथे कोणी विचारत नाही, इतके ते तिथले झाले आहेत. उलट मराठी घरांनी रस्सम, वत्तकुळंबू, केळीचं पान, फिल्टर कॉफी हे सगळं आपलं केलं.

राजवाड्याच्या पश्चिमेकडे, जुन्या गल्ल्यांत, अजून मराठी बोलणारी घरं आहेत. ओळखीने एका घरी जेवायला गेलो. आजी तमिळ आणि मराठी एका वाक्यात बोलत होत्या. मराठीला तमिळचा सूर, आणि काही शब्द असे की आपल्याकडे ते आता जुन्या बखरीतच भेटतात. पानात मेतकूट होतं, डांगर होतं, आमटी होती आणि रस्समही. ‘तुमच्याकडे पुरणपोळीबरोबर काय घेतात?’ असं त्यांनी विचारलं. कटाची आमटी, तूप, दूध, म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. त्यांच्या घरातल्या कोणी तीन-चार पिढ्यांत महाराष्ट्र पाहिलेला नव्हता. शिक्षण तमिळमध्ये, देवघरात समर्थ रामदास. तंजावरात रामदासी मठ आहेत, आणि इथे मराठी कीर्तन इतकं रुजलं की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी त्याच्या चालींवर तमिळ हरिकथा उभी केली.

अशा घरी जेवण मिळण्याचा योग सगळ्यांना येणार नाही. पण शहरातल्या कुठल्याही स्वच्छ मेसमध्ये दुपारी केळीच्या पानावर जेवा. पान निमुळतं टोक डाव्या हाताला येईल असं मांडतात. त्यावर पाणी शिंपडून आपण हाताने पुसायचं. आधी मीठ, लोणचं, दोन भाज्या (एक कोरडी, एक डाळीची), पापड. मग भाताचा ढीग. पहिला भात डाळ आणि तुपाबरोबर, दुसरा सांबाराबरोबर, तिसरा वत्तकुळंबूबरोबर, मग रस्सम, शेवटी ताक. वत्तकुळंबू सोडू नका. उन्हात वाळवलेल्या छोट्या, कडवट बोराएवढ्या फळांची ती दाट चिंचेची आमटी आहे. तिळाच्या तेलाचा वास, आंबट, किंचित कडू. पहिल्यांदा परकी वाटते, दुसऱ्यांदा हवीशी वाटते. जेवून झालं की पान आपल्याकडे दुमडायचं. वाढपी अण्णा ते बघून समजतो की जेवण रुचलं. ज्यांना मांसाहार हवा त्यांच्यासाठी गांधीजी रस्ता आणि जुन्या बसस्थानकाच्या आसपास बिर्याणीची हॉटेलं आहेत. तिथे लहान दाण्याच्या सुवासिक तांदळाची बिर्याणी मिळते, बासमतीची अपेक्षा ठेवू नका. गोडासाठी बॉम्बे स्वीट्स. नाव मुंबईचं, पण तंजावरकर तिथे चंद्रकलेसाठी जातात. खव्याचं सारण भरून तळून पाकात बुडवलेली ही अर्धगोल मिठाई आपल्या करंजीची श्रीमंत बहीण शोभेल.

आता वाचकहो, या लेखात जे मला सगळ्यात मनापासून सांगायचं आहे ते सांगतो. तंजावरात मराठ्यांचं सर्वांत मोठं स्मारक कोणतं, असं कोणी विचारलं तर मी राजवाडा म्हणणार नाही, शिलालेखही म्हणणार नाही. छत्रं म्हणेन, म्हणजे यात्रेकरूंसाठीची अन्नछत्रं.

काशीहून रामेश्वराला जाणारी यात्रा तंजावरच्या मुलखातून जाई. त्या वाटेवर भोसले राजांनी आणि त्यांच्या राण्यांनी छत्रं बांधली आणि प्रत्येकाला जमिनी लावून दिल्या. १८०१ मध्ये, इंग्रज राज्याचा महसूल ताब्यात घेत असताना, सरफोजींनी तंजावरच्या इंग्रज रेसिडेंटला एक पत्र लिहिलं. छत्रांच्या जमिनी माझ्या हातून काढू नका, एवढंच मागणं. त्या पत्रात छत्रांत काय चालतं ते त्यांनी सविस्तर सांगितलं आहे. ब्राह्मणापासून अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींपर्यंत सगळ्या यात्रेकरूंना, जोगी-जंगमांना तिथे शिजवलेलं अन्न मिळे. शिजवलेलं ज्यांना चालत नाही त्यांना कोरडा शिधा. वाढणं मध्यरात्रीपर्यंत चाले, आणि मग घंटा वाजवून हाक दिली जाई, की कोणी उपाशी राहिलं असेल तर त्याने यावं. तान्ह्या मुलांना दूध, आजाऱ्यांना वैद्य आणि पथ्य, बाळंतिणींची व्यवस्था, वाटेत मेलेल्यांचे अंत्यसंस्कार. राज्य गेलेला राजा शत्रूशी वाटाघाट करतो आहे आणि त्याला काळजी आहे ती रात्री उशिरा आलेल्या भुकेल्या माणसाची. मराठ्यांच्या इतिहासातला यापेक्षा उजळ कागद मला माहीत नाही.

तंजावरपासून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला सुमारे २५ किलोमीटरवर ओरत्तनाडू गाव आहे. तिथे सरफोजींनी मुक्तांबाळ या आपल्या प्रिय सखीच्या नावाने बांधलेलं छत्र अजून उभं आहे. दर्शनी भाग घोडे जुंपलेल्या रथासारखा घडवलेला. चौक, ओसऱ्या, लाकडी खांब. त्याचा उपयोग पुढे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी झाला, म्हणजे अन्नदानाची जागा अन्नदानाच्याच कामी आली. इमारतीची निगा हवी तशी नाही. पर्यटकांच्या नकाशावर ती जवळजवळ नाहीच. महाराष्ट्रातून येणाऱ्या बसपैकी एकही इकडे वळताना मी पाहिली नाही.

दुसऱ्या दिशेला, १३ किलोमीटरवर, कावेरीकाठी तिरुवैयारू. संत-संगीतकार त्यागराजांची समाधी इथे आहे. सरफोजींनी दरबारात बोलावलं आणि त्यांनी नकार दिला, अशी आठवण कर्नाटक संगीताच्या जगात सांगतात. पौष वद्य पंचमीला आराधना होते आणि शेकडो गायक-वादक नदीकाठी बसून पंचरत्न कृती एकसाथ गातात. समाधीचं मंदिर बांधून घेतलं बंगळूरु नागरत्नम्मा या देवदासी कुळातल्या गायिकेने, आणि ज्या उत्सवात बायकांना गायला बंदी होती तिथे गाण्याचा हक्क त्यांनी मिळवला. त्यांचीही मूर्ती समोर आहे. नमस्कार करून पुढे जा. याच गावात अशोका हलवा मिळतो, आणि तो खाण्यासाठी लोक मुद्दाम येतात. आंडवर हलव्याचं दुकान त्यासाठी प्रसिद्ध. मुगाची डाळ शिजवून, घोटून, गव्हाचं पीठ, साखर आणि भरपूर तुपात परतलेला हा लालसर, गिळगिळीत मऊ हलवा केळीच्या पानाच्या तुकड्यावर गरम देतात. वर थोडा तिखट शेवेसारखा फरसाण. गरमच खा. गार झाल्यावर त्याची निम्मी चव जाते.

कुंभकोणम ४० किलोमीटर. तिथे रात्री कडप्पा मागवा : मुगाची डाळ, बटाटा, खोबरं, बडीशेप घातलेला पातळ रस्सा, इडली-डोशाबरोबर. हा पदार्थ तंजावर-कुंभकोणमच्या पलीकडे क्वचित मिळतो. कुंभकोणमच्या वेशीवर दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर आहे. दुसऱ्या राजराजाने बाराव्या शतकात बांधलेलं. मोठ्या देवळाने भारावलेला माणूस इथे येऊन हळुवार होतो. सगळं कोरीवकाम डोळ्यांच्या उंचीवर आहे. शेजारच्या स्वामिमलैला आजही मेणाच्या साच्यातून पंचधातूच्या मूर्ती ओततात. कलादालनातला शिव ज्या रीतीने घडला, तीच रीत.

खरेदीबद्दल थोडं. मान डोलावणारी बाहुली आणि सोन्याच्या वर्खाचं तंजावर चित्र यांना भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे, पण रस्त्यावरची बरीच चित्रं वर्खाऐवजी चमकीच्या कागदाची असतात. चित्र घ्यायचं असेल तर काम करणाऱ्या कारागिराच्या घरी जाऊन घ्या. फणसाच्या लाकडाच्या वीणेचं काम बघायला तर कारागीर आनंदाने बसवून घेतात. बाहुल्या पुन्नैनल्लूर मारिअम्मन देवळाबाहेर स्वस्त आणि चांगल्या.

जायचं कसं? तिरुचिरापल्ली विमानतळ तासा-दीड तासावर आहे. रेल्वेने जायचं तर चेन्नईच्या एग्मोर स्थानकावरून रात्री उळवन एक्स्प्रेस निघते आणि सकाळी तंजावरला उतरवते. नोव्हेंबर-डिसेंबरात पाऊस असतो, जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. किमान दोन रात्री राहा. रामेश्वरच्या सहलीतला अर्धा दिवस या शहराला पुरत नाही.

शेवटी एक विनंती. सरस्वती महालात आणि तंजावरच्या दप्तरांत मराठा दरबाराचे मोडी लिपीतले कागद गाठोड्यांत आहेत. छत्रांचे हिशेब, मुदपाकखान्याचे खर्च, नर्तकी-वादकांचे पगार, वैद्यांची यादी. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यातल्या कागदांचे तमिळ अनुवाद छापले आहेत. तिथल्या अभ्यासकांनी त्यासाठी मोडी शिकून घेतली. ते कागद ज्या भाषेत लिहिले ती आपली भाषा आहे. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग चालतात, दरवर्षी तरुण मुलं ती शिकतात आणि सरावासाठी कागद शोधत असतात. त्यांनी तंजावरला जावं, ग्रंथालयाकडे रीतसर परवानगी मागावी, आणि छत्रांच्या हिशेबांपासून सुरुवात करावी. त्यांना पाठवण्याचा खर्च आपल्या मंडळांनी, वाचनालयांनी आणि विद्यापीठांनी उचलावा.